हजेरीपटावरचा ताप

फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. ऑफसाइड म्हणजे काय, हे तीन वर्षं मैदानाच्या कडेला बसूनही मला समजलं नाही, आणि ज्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला त्यांना तरी ते समजलं होतं की नाही, याची मला शंका आहे. मी मराठी शिकवत होते. तरीही यवतमाळच्या आमच्या कॉलेजातलं क्रीडा समितीचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कामं वाटायच्या बैठकीला मी गैरहजर होते. जो गैरहजर त्याच्या गळ्यात घंटा, ही आमच्या स्टाफरूमची जुनी रीत. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पोरं तुमचं ऐकतात." ते खरं होतं. मी रागवायचे, आणि रागवणाऱ्या माणसाचं पोरं ऐकतात, निदान ऐकल्यासारखं करतात.

तेव्हा संघाचे कोच म्हणजे लोहाऱ्याच्या रस्त्यावर गॅरेज असलेले एक मेकॅनिक. सगळे त्यांना चाचा म्हणत. तरुणपणी ते गावातल्या क्लबाकडून खेळले होते आणि वीसेक वर्षं आमच्या पोरांना दुपारी चारनंतर शिकवत होते. शिकवणं म्हणजे मैदानाच्या कडेला उकिडवं बसून ओरडणं. हाताला ग्रीस, तोंडात शिवी आणि खिशात पोरांसाठी फुटाणे. एकदा मी शिवीला हरकत घेतली, तर म्हणाले, "मॅडम, हे पोट्टे माह्या शिवीवर धावतेत, तुमच्या कवितेवर नाही धावत." मी शिवीचा विषय पुन्हा काढला नाही.

चाचांकडे हजेरीपट नव्हता. कोण आलं नाही हे ते मैदानावर एक नजर फिरवून सांगत, आणि का आलं नाही तेही. याच्या गावाला आज बाजार, त्याची म्हैस व्यायली, अमक्याच्या वावरात वेचणी लागली. वेचणीच्या दिवसांत आठ-आठ पोरांवर सराव चाले आणि चाचांना त्यात काही वावगं वाटत नसे. कापूस घरी आला की पोट्टा आपसूक ग्राउंडवर येते, असं त्यांचं म्हणणं.

मग कॉलेजच्या तपासणीला बाहेरून समिती येणार, असं ठरलं. समितीला कागद लागतात आणि चाचांकडे कागद नव्हता. संस्थेने रीतसर प्रशिक्षण घेतलेली तीन माणसं नेमली. मुख्य कोच कोल्हापूरकडचे, चाळिशीचे, स्वच्छ पांढरे बूट घालणारे. दुसरा एक तरुण, त्याच्या गळ्यात कायम स्टॉपवॉच, तो पोरांच्या दमसासाचं बघायचा. तिसरे पोलिसांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ते फक्त गोलकीपरला शिकवायचे आणि उरलेल्या वेळेत सावली शोधायचे. चाचांना प्राचार्यांनी शाल आणि नारळ दिला. चाचांनी शाल घेतली, नारळ तिथेच फोडून पोरांना वाटला आणि गॅरेजला गेले.

मला सांगण्यात आलं की नवी माणसं आणि जुनी पोरं यांची सांगड घालून द्या. हे काम मला आवडलं, हे कबूल करायला हवं. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी मी. कोल्हापूरच्या सरांना आमच्या पोरांचं बोलणं मजेशीर वाटायचं आणि पोरांना त्यांचं. ते "लई भारी" म्हणाले की पोरं दोन दिवस तेच घोळवत बसायची. सराव सुरू व्हायच्या आधी मैदानावर पिवळ्या प्लॅस्टिकचे शंकू मांडले जायचे. पोरं त्यांना टोप्या म्हणत, आणि पहिल्या आठवड्यात त्यातल्या दोन टोप्या खरंच कुणाच्यातरी डोक्यावर सापडल्या. निम्मी पोरं अनवाणी खेळायची. बूट घालून चेंडू पायाला समजत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मी प्रत्येकाला बाजूला घेऊन समजावलं, दोघांना रडवलं, एकाला माझ्या भाच्याचे बूट आणून दिले. दसऱ्यापर्यंत सगळे बुटांत होते आणि शिट्टी वाजली की थांबायला शिकले होते. सर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही नसता तर आम्ही तिघं गाशा गुंडाळून परत गेलो असतो." मी दिवसभर खुशीत होते.

सरांनी दोन नियम घातले. सराव सकाळी सहाला, कारण नंतर ऊन चढतं आणि मग तासिका असतात. आणि आठवड्यात दोनदा जो विनाकारण गैरहजर, तो पुढच्या सामन्यात बाहेर. आजारी असेल तर गोष्ट वेगळी, आजारी माणसाला शिक्षा नाही. हजेरीपटावर त्यांनी एक रकाना वाढवला, त्याचं नाव 'कारण'. हजेरी घेणं आणि तो रकाना भरणं माझ्याकडे आलं.

त्याच सुमारास चाचा एकदा कॉलेजात आले. हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. मला म्हणाले, "मी बसतो ना एक रोज त्या नव्या सराजवळ. तासभर. कोन पोट्टा कुठून येते, कोनाच्या घरी कोन हाय, सांगून देतो. माह्या डोक्यातच हाय सारं, कागदावर नाही."

मी म्हटलं, कशाला त्रास घेता चाचा, मी आहे ना. खरं कारण निराळं होतं. मला वाटलं, जुना माणूस नव्या माणसासमोर बसणार, नव्याला ती लुडबूड वाटणार, दोघंही अवघडणार आणि मधल्यामध्ये माझं सगळं बसवलेलं विस्कटणार. चाचा थोडा वेळ माझ्या टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत बसले. उठताना म्हणाले, "पोट्टा आला नाही तं त्याच्या वावराकडं पाहा मॅडम, त्याच्या नाडीकडं नोका पाहू." मी हसले. म्हातारा माणूस काहीतरी बोलतो, असं मनात म्हटलं. चाचा तेव्हा पंचावन्नचे होते, म्हणजे आज मी आहे त्याहून बरेच लहान.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, आणि मजूर लावून वेचायचं तर परवडत नसे, म्हणून घरचेच हात. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि ज्या कारणासाठी यायचं ते सगळ्यांना माहीत आहे, मी इथे उगाळत नाही. बाहेरून गाड्या यायच्या. त्यातून उतरलेले लोक रस्त्यात दिसेल त्या माणसाकडे डोळे ओले करून बघायचे. एकदा असाच एक गट माझ्या वर्गात शिरला आणि त्यातल्या एका बाईंनी पोरांना विचारलं की तुमच्यापैकी कुणाच्या घरी अडचण आहे, हात वर करा. मी त्यांना वर्गाबाहेर काढलं. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं तेव्हा मी त्यांच्याशीही भांडले. माझी पोरं कुणाला कीव करायला ठेवलेली नाहीत, असं मी म्हणाले. या वाक्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

हा राग मला घरून मिळालेला. घाटंजीकडच्या एका खेड्यात आमचं चार एकर कोरडवाहू वावर होतं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात शिक्षण म्हणजे सर्वांत मोठी गोष्ट. पण कापसाची पऱ्हाटी काही शिक्षणासाठी थांबत नाही. बोंडं फुटली की आई आणि मी पहाटेच वावरात जायचो, कमरेला फडक्याची ओटी बांधून. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, नखांच्या कडेला चिरा पडतात. शाळेत गेल्यावर गुरुजी विचारायचे, दोन दिवस कुठे होतीस? मी सांगायचे, ताप होता. आईनेच शिकवलं होतं. लोकाले आपलं घर कायले दाखवायचं, म्हणायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी बोटांच्या चिरा दिसू नयेत म्हणून खरंच मूठ झाकून बसायचे. एकदा गुरुजींनी माझ्यासाठी तापाच्या गोळ्या पाठवल्या. आईने त्या डब्यात ठेवून दिल्या आणि पुढे खरोखरचा ताप आला तेव्हा वापरल्या.

दिवाळीच्या आधी वेचणी लागली आणि सकाळी सहाच्या सरावाला पोरं गळायला लागली. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी पाच. ती पोरं दुपारी कॉलेजात आली की मी विचारायचे आणि ती खाली बघून म्हणायची, "कापूस येचाले गेलतो, मॅडम." रकान्यात हे लिहायला माझा हात उठला नाही. हे लिहिलं तर नवे सर ते वाचणार, मग तेही डोळे ओले करून पोरांकडे बघणार, संघात घेतलं तर दयेने घेणार आणि काढलं तर तेही दयेनेच. शिवाय नियमाप्रमाणे ते विनाकारणात धरलं गेलं तर पोरगं बाहेर. मी लिहिलं, ताप. दुसऱ्याच्या पुढे लिहिलं, पोट बिघडलं. तिसऱ्याला खोकला दिला. पोरांना सांगून ठेवलं, सरांनी विचारलं तर हेच सांगायचं, आपलं घर मैदानावर आणायचं नाही. पोरांना गंमत वाटली. सकाळी एकमेकांना विचारायची, आज मॅडमनं कोनाले बिमार पाडलं बे?

या सगळ्यात एक मुलगा बाभुळगावकडचा. मधल्या फळीत खेळायचा. मला खेळ कळत नव्हता, पण इतकं कळायचं की चेंडू कुठेही असला तरी हा तिथे आधीच पोचलेला असतो. सायकलने तासाभराचा रस्ता तुडवून यायचा आणि वर दीड तास धावायचा. बोलायचा फार कमी. विद्यापीठाच्या संघासाठी दरवर्षी निवड चाचणी व्हायची, त्यासाठी प्रत्येक कॉलेजने तीन नावं पाठवायची. त्या संघात जो खेळला त्याला प्रमाणपत्र मिळायचं आणि पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागांवर ते चालायचं. या मुलाला पोलीस व्हायचं होतं. घराच्या चौकटीवर खडूने उंचीची खूण करून ठेवली आहे, असं त्याने मला एकदा सांगितलं होतं, आणि सांगून लाजला होता. त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. कोल्हापूरचे सर पहिल्याच महिन्यात म्हणाले होते की दोन नावांचं बघू, तिसरं तर ठरलेलंच आहे.

पहिल्या वेचणीच्या दुसऱ्या दिवशी तो मैदानावर स्टीलचा डबा घेऊन आला. आमच्याकडे कापसाला पहिला हात लावायच्या आधी वावरात दहीभात ठेवतात, सीतादही म्हणतात त्याला. त्याच्या आईने तो नव्या सरांसाठी पाठवला होता. सरांनी झाकण उघडून विचारलं, हे काय? पोरगं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, घरी पूजा होती, प्रसाद आहे. सर उभ्याउभ्या तीन घास खाऊन म्हणाले, लई भारी. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी डब्याचं झाकण लावून त्याच्या हातात दिलं. आज वाटतं, त्या वेळी मी फक्त गप्प बसले असते तरी पुरलं असतं.

बाकीच्यांच्या घरी माणसं जास्त होती, पंधरा दिवसांत त्यांचं उरकलं. याच्या घरी वडिलांचा पाय अधू, दोन बहिणी लहान, आई एकटी. याची वेचणी संपेना. आठवड्यातून तीन दिवस तो सकाळी नसायचा, आणि त्याच्या नावापुढे मी ताप, कणकण, ताप, अशक्तपणा असं लिहीत गेले. चुकूनही खोकला लिहिला नाही, कारण धावताना तो खोकत नव्हता. इतकी मी हुशार.

एक दिवस सरांनी त्याचे हात बघितले. बोटांच्या टोकांना चिरा, नखांच्या कडा सोललेल्या. ते उसाच्या मुलखातले, त्यांनी पऱ्हाटी फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलेली. त्यांनी मला बाजूला बोलावून विचारलं, ही कातडी अशी का सोलतेय? रक्तात काही कमी आहे का? मला एका नजरेत कळलं होतं. माझ्या स्वतःच्या बोटांना तसं बारा वर्षं झालं होतं. मी म्हटलं, असेल अशक्तपणामुळे.

मग त्यांनी स्टाफरूममध्ये येऊन मला सरळच विचारलं. तिसऱ्या तासाची वेळ, सातआठ जण चहा पीत बसलेले. सर उभेच होते. म्हणाले, "मॅडम, नावं पाठवायची आहेत. ह्या पोराला नक्की काय होतंय? खरं सांगा. माझ्या हातून एकदा एक पोरगं तापात खेळवलं गेलं. म्हणत होतं, काही नाही सर, बरा आहे. मध्यंतरानंतर पडलं ते उठलंच नाही. त्याच्या आईला मी अजून तोंड दाखवलेलं नाही."

मला सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण कोपऱ्यातून आमच्या एका सहकाऱ्याने चहा ढवळत म्हटलं, "खायलाच नसेल हो घरी, बिचारी पोरं."  त्या 'बिचारी'वर मी पेटले. मी सरांकडे वळून ठासून सांगितलं की खाण्यापिण्याचं काही नाही, घर चांगलं आहे, त्याला अधूनमधून कणकण येते, हवेमुळे, दुसरं काही नाही. सरांनी मान हलवली आणि ते निघून गेले. सहकारी गप्प झाला म्हणून मला जिंकल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी सरांनी यादी पाठवली. तिसरं नाव दुसऱ्याच मुलाचं होतं, बचावात खेळणाऱ्याचं. बरं पोरगं होतं ते, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाभुळगावकडच्याला सरांनी जवळ बसवून सांगितलं की तुझी तब्येत पहिली, खेळ नंतर, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मोटरसायकलवरून त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त तपासायला दिलं. हे मला दोन दिवसांनी कळलं. मी त्या मुलाला व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, रक्त दिलंस? तो म्हणाला, "हाव मॅडम, देलं." मी म्हटलं, आपण सरांशी बोलू, यादी बदलता येईल. मी तसं म्हणाले खरी, पण सरांकडे गेले नाही. कारण गेले असते तर मला सांगावं लागलं असतं की महिनाभर मी हजेरीपटावर खोटं लिहिलं. आज जाऊ, उद्या जाऊ, करत चार दिवस काढले. या चार दिवसांचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं. आधीच्या खोट्याला निदान रागाचं कारण होतं. या चार दिवसांना फक्त भीतीचं होतं.

रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात काहीच नव्हतं. सरांना इतका आनंद झाला की पोराला सांगायला ते त्याच सकाळी मोटरसायकल घेऊन त्याच्या गावाला गेले. घरी कुलूप. शेजारच्यांनी वावराची वाट दाखवली. तिथे तो ओटी बांधून वेचत होता, पहाटेपासून वेचत होता, आणि वेचता वेचता आईची थट्टा करत होता. ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या वर्गाबाहेर उभे राहिले. तास संपल्यावर आत आले आणि पहिल्या बाकावर बसले, विद्यार्थ्याच्या जागेवर. मी टेबलापाशी उभी. ते ओरडतील असं मला वाटलं होतं, मी त्याची तयारीही केली होती. ते हळूच म्हणाले, "त्याच्या आईनं मला वावरातच चहा पाजला. म्हणाली, महिनाभर येचणी हाय, सकाळचं पोरगं सुटत नाही, दुपारी सुटते." मग म्हणाले, "एवढंच होतं, तर मला सांगायचं मॅडम. मी सराव चारला ठेवला असता."

मी तोंडात मारल्यासारखी उभी राहिले. दया नाही, ओले डोळे नाहीत, काही नाही. सराव चारला ठेवला असता. जे चाचा वीस वर्षं करत आले होते तेच.

सर त्याच दिवशी विद्यापीठात गेले. यादी बदलत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. ते दोनदा गेले, तिसऱ्यांदा पत्र घेऊन गेले, उपयोग झाला नाही. पुढच्या सोमवारपासून सराव चार वाजता सुरू झाला. त्यानंतर सर एकदा चाचांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसले, आणि आठवड्यातून दोन दिवस चाचा पुन्हा मैदानाच्या कडेला उकिडवे दिसायला लागले. शेजारी निवृत्त पोलीस, दोघांत मिळून एक फुटाण्याची पुडी. पोरं शिट्टीवर थांबायची आणि शिवीवर धावायची. त्या वर्षी आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला, तिथवर आधी कधी गेला नव्हता. नवी माणसं आणि जुनी पोरं यांची सांगड बसली ती मी मदत करायचं थांबवल्यावर. बाभुळगावकडचा त्या सामन्यांत खेळला, तसाच धावला, पण ते सामने प्रमाणपत्राच्या कामाचे नव्हते. सर दोन वर्षं राहिले, मग कोल्हापूरला परत गेले. मला शेवटपर्यंत मॅडम म्हणत आले, आणि हजेरीपट मात्र त्यांनी परत माझ्याकडे दिला नाही.

मी माफी मागितली का? सरांची मागितली. मुलाची राहिली. तो समोर आला की मी रागवायला काहीतरी शोधायचे, बुटांची नाडी, वहीचं कव्हर. परीक्षा झाली आणि तो गेला. पोलीस भरतीत त्याने दोनदा प्रयत्न केला, साध्या जागांसाठी, हे दुसऱ्या पोरांकडून कळायचं. दोन्ही वेळा थोडक्यात राहिला. मग वय निघून गेलं.

मला निवृत्त होऊन तीनेक वर्षं झाल्यावरची गोष्ट. मी बहिणीकडे घाटंजीला निघाले होते, एसटी चुकली म्हणून काळीपिवळी जीपमध्ये बसले, पुढे, ड्रायव्हरशेजारी. मागे दाटीवाटीने बाजाराला जाणाऱ्या बाया. जीप गावाबाहेर पडल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आवाजावरूनच वयखलं तुमाले." तोच होता. अंगाने भरला होता, कानापाशी केस पिकले होते. जीप त्याची स्वतःची. मुलगी सातवीत आहे, असं त्याने सांगितलं, धावण्यात पहिली येते. चाचा गेले, असंही सांगितलं. मातीला संघातली सगळी पोरं होती म्हणे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी होती, बोंडं फुटलेली. वावरात बाया वाकलेल्या. इतकी वर्षं मी मनात जे वाक्य घोळवत होते ते बाहेर यायच्या ऐवजी भलताच प्रश्न आला. मी विचारलं, "सरांना का नाही सांगितलंस रे, तू आजारी नाहीस म्हणून? तुझ्या तर ओठांवर होतं ते."

त्याने एका बैलबंडीला वाट दिली. मग म्हणाला, "कसा सांगू, मॅडम? मी बिमार नाही म्हटलं असतं तं तुमी खोट्या पडल्या असत्या. नव्या सरासमोर."

 थोडं पुढे गेल्यावर तो सहज, रस्त्याकडे बघतच म्हणाला, "रक्त बी म्हणूनच देलं."

घाटंजीला त्याने माझी पिशवी उतरवून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि कुणालाही विचारतात तसं विचारलं की तब्येत बरी हाय ना. मी म्हटलं, बरी आहे. तेवढ्यात परतीचे प्रवासी गोळा झाले आणि तो यवतमाळ, यवतमाळ असं ओरडायला लागला. मी पिशवी घेऊन बराच वेळ तिथेच उभी राहिले. जीप गेली.

तो हजेरीपट कॉलेजच्या रद्दीत कधीच गेला असणार, त्यामुळे रकाना दुरुस्त करायची सोय राहिलेली नाही. म्हणून इथे लिहिते. त्या महिन्यात ज्या ज्या दिवशी त्याच्या नावापुढे मी ताप लिहिला, त्या प्रत्येक दिवशी तो चांगला होता. तो आईबरोबर कापूस वेचत होता.